काकांनी अंडी घातली

१

शिट्टीसाहेब गुडघे टेकून दोन्ही हातांनी वाळू उपसत होते आणि आम्ही भोवती कोंडाळं करून उभे होतो. हात कोपरापर्यंत आत गेला, मग खांद्यापर्यंत. मग त्यांनी तो बाहेर काढला आणि रिकाम्या तळव्याकडे पाहत राहिले.

"नाहीत," ते म्हणाले. "एकसुद्धा नाही."

"म्हणजे पिल्लं समुद्रात गेली?" जुळ्यांपैकी एकानं विचारलं. दुसऱ्यानं लगेच तोच प्रश्न पुन्हा विचारला. ती दोघं सगळं दोनदा करतात.

"गेली असती तर टरफलं राहिली असती. ही अंडी कुणीतरी काढून नेलीत."

शिट्टीसाहेब म्हणजे या बेटाचे वनरक्षक. गळ्यात सदान्कदा शिट्टी, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं आणि आता मोठी माणसंही तेच म्हणतात. कासवाच्या या एका घरट्यावर ते गेले कित्येक दिवस डोळ्यांत तेल घालून पहारा देत होते. आज-उद्या पिल्लं बाहेर पडणार, असं त्यांनीच मला कळवलं होतं, आणि म्हणूनच मी मुलांना घेऊन आले होते.

हा माझा उद्योग. शाळेत विज्ञान शिकवायचे, ते सोडलं आणि मुलांना बेटं दाखवायला लागले. पक्षी, खेकडे, प्रवाळ, जे दिसेल ते. मुलं मला कधी जड झाली नाहीत. त्यांच्यासोबत जे आईबाप येतात, ते मात्र फार जड होतात. या खेपेला दोनच घरं होती. एक फोटोवाला आणि त्याचे जुळे मुलगे. दुसरा इंजिनियर, त्याची बायको आणि त्यांची पाचेक वर्षांची चिमणी.

चिमणी आत्ता इथे नव्हती. हा किनारा खडकांच्या पलीकडे आहे. ऐन ओहोटीला खडकांवरून चालत येता येतं, एरवी होडीशिवाय वाट नाही. खडकांवर कालवांची धारदार कवचं आहेत, लाटा बेभरवशाच्या आहेत, म्हणून लहान पोरांना इथे आणायचं नाही असा शिट्टीसाहेबांचा नियम. पहिल्या दिवशी तो ऐकून चिमणीनं भोकाड पसरलं होतं. तिचा बाप तिच्याइतकाच कोमेजला होता.

"काल सकाळी मी स्वतः बघून गेलो," शिट्टीसाहेब म्हणाले. "जाळी नीट होती. दुपारी आपण पक्ष्यांच्या बेटावर. संध्याकाळी भरती. तेव्हा इथे यायचं तर होडी पाहिजे."

होडी एकच. तिचा मालक वाळूत पाय रोवून उभा होता. सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या, अगदी जुळ्यांच्यासुद्धा.

"साहेब, मी नाही," होडीवाला म्हणाला.

"काल संध्याकाळी आम्हाला उतरवून तू परत निघून गेला होतास. मी पाहिलंय."

"नांगर शोधायला गेलो होतो."

"नांगर कसा काय हरवला?"

होडीवाला खाली बघत राहिला.

हे वाईट झालं, कारण त्याच्या नावावर जुना डाग होता. तरुणपणी अंडी चोरताना पकडला गेला, शिक्षा भोगून आला, आणि मग शिट्टीसाहेबांनीच शब्द टाकून त्याला पाहुण्यांच्या होडीचा परवाना मिळवून दिला. धक्क्यामागची दोन खोल्यांची जागाही खात्याची. तिथे तो, त्याची बायको आणि म्हातारा बाप राहतात. विश्वासानं दिलेली गोष्ट उलटली की माणूस कसा चवताळतो, ते मला शिट्टीसाहेबांच्या तोंडावर दिसलं.

"दुपारच्या बोटीनं मोठे साहेब येतायत. मी वायरलेस करतो. परवाना जाईल आणि जागाही जाईल. तू या बेटावर दिसता कामा नये."

परत आलो तर विश्रामगृहाच्या पडवीत इंजिनियर आणि त्याची बायको चहा घेत होते. काल दुपारी पोट दुखलं म्हणून बापाबरोबर विश्रामगृहातच राहिलेली चिमणी आता पाव कुरतडत बसली होती. अंडी गेल्याची बातमी फुटली, सगळे एकदम बोलायला लागले, आणि त्या गलक्यात चिमणीचा स्पष्ट आवाज आला.

"काकांनी अंडी घातली."

एकच हशा पिकला. "मग काका कोंबडी झाले म्हणायचे!" फोटोवाला म्हणाला. जुळे पडवीभर पंख फडफडवत आरवायला लागले. कोंबडी आरवत नाही, हे त्यांना सांगायचंही मला सुचलं नाही. सगळ्यांत मोठ्यानं इंजिनियर हसला आणि त्यानं पावाचा पुढचा घास पोरीच्या तोंडात कोंबला.

हसणाऱ्यांत मीही होते. त्या सकाळी अंड्यांचं खरं काय झालं ते सांगणारं पहिलं माणूस तेच होतं, आणि आम्ही त्याला हसण्यावारी नेलं.

२

मला स्वस्थ बसवेना. बोट यायला सबंध सकाळ पडली होती आणि शिट्टीसाहेबांनी निकाल आधीच लावून टाकला होता. होडीवाल्याबरोबर मी किती खेपा केल्या असतील, त्याला मोजदाद नाही. तो असं करेल हे मनाला पटत नव्हतं. केलं असेल तर निदान खात्री तरी हवी. मी चपला पायात सरकवल्या आणि फोटोवाल्याचं दार वाजवलं.

"मला उजेड हवा होता, अंडी नकोत," तो दार उघडताच तडकला. "तीन दिवस कुरकुरतोय मी, घरटं सावलीत आहे, फोटो काळे येतात. म्हणून काय उचलून उन्हात ठेवेन?"

"मी कुठे तसं म्हटलं?"

"चेहऱ्यावर लिहिलंय तुमच्या. पण आलाच आहात तर एक गंमत बघा."

त्यानं कॅमेऱ्याच्या पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. पहिला कालच्या सकाळचा. घरट्यावरची जाळी, आणि ती धरून ठेवणाऱ्या लाकडी खुंट्या. शिट्टीसाहेबांनी दगडानं ठोकलेल्या, एक पूर्वेला झुकलेली तर एक पश्चिमेला. दुसरा आजचा, वाळू उपसण्याआधीचा. जाळी तीच, खुंट्या त्याच, पण सगळ्या एका रांगेत, एका कोनात आणि एका उंचीच्या.

"चोर चोरी करून खुंट्या सरळ करून जातो का?" फोटोवाल्यानं विचारलं.

बाहेर पडले तर जुळे दाराला कान लावून उभे. मला बघून दोघांचा चेहरा उतरला.

"ताई, त्या काकांना खरंच हाकलणार?" एक म्हणाला.

"होडीवाल्या काकांना?" दुसरा म्हणाला.

"काय केलंत?"

मग हळूहळू बाहेर आलं. पक्ष्यांच्या बेटापाशी होडी थांबली होती तेव्हा या दोघांनी नांगराच्या दोरीची गाठ सोडून पाहिली. पुन्हा बांधता येईना. परत निघताना नांगर तिथेच राहिला. होडीवाल्यानं रिकाम्या कडीकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी तडक धक्क्यावर गेले. होडीवाला उलट्या बादलीवर बसून इंजिनाचा कुठलासा भाग पुसत होता. मोठ्या साहेबांची बोट क्षितिजावर अजून दिसत नव्हती, पण तो तिकडेच बघत होता.

"दादा, नांगराचं खरं का नाही सांगितलं?"

"पोरं आहेत, ताई. बापाचा हात लगेच उठतो, काल बघितलं मी. माझ्या नांगरापायी कुणाला मार नको."

"सापडला?"

"नाही. अंधारून आलं."

मी ते जसंच्या तसं शिट्टीसाहेबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. "नांगर हरवला असेल. शोधायला गेला, तो खडकांपलीकडे वळला नसेल, हे कशावरून?"

हे कशावरून सांगायचं? मी परत फिरले. डोकं तापलं होतं, वारा पडला होता, आणि जनरेटरची घरघर डोक्यात जात होती. इंजिनियरच्या खोलीमागून येताना वेताची एक खुर्ची वाळूत उलटी टाकलेली दिसली, चारही पाय आभाळाकडे आणि वर ओला टॉवेल वाळत घातलेला. खारट हवेत वेताच्या खुर्चीचं काय होतं, ते मी पाहुण्यांना पहिल्याच दिवशी सांगते. उचलायला वाकणार, तेवढ्यात इंजिनियर लगबगीनं आला.

"राहू द्या, राहू द्या! मी ठेवतो."

एवढ्या उकाड्यात त्यानं लांब पँट घातली होती. तीन दिवस हा माणूस अर्ध्या चड्डीवर हिंडत होता. मला वाटलं, मोठे साहेब येणार म्हणून सभ्य झाला असेल.

पडवीत चिमणी फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती. लाल खडू संपला म्हणून रुसली होती आणि सगळी माणसं हिरवी काढली होती. मी शेजारी बसले.

"हे कोण?"

"बाबा."

बाबांना कानापर्यंत पोचतील अशा मिशा होत्या. इंजिनियर दाढीमिशी सफाचट काढणारा माणूस. पण या वयातली मुलं बापाला शेपूटही काढतात, म्हणून मी काही बोलले नाही.

३

होडीवाल्याची बायको विश्रामगृहात स्वयंपाक करते. मी स्वयंपाकघरात डोकावले तर तिचे डोळे सुजलेले होते, पण हात चालू होते.

"बसा ताई. चहा टाकते." तिनं गाळणं उचललं, मग डबा उघडला. "साखर किती घालू?"

"एक चमचा," मी म्हणाले आणि तशीच थिजले.

घालू. साखर घालू. चहात साखर घातली, भाजीत मीठ घातलं, पिशवीत कपडे घातले. कोंबडी अंडी घालते, ते सोडलं तर दिवसभरात हा शब्द आपण शंभरदा वापरतो आणि प्रत्येक वेळी त्याचा अर्थ आत टाकणं, आत ठेवणं एवढाच असतो. चिमणीनं काकांना कोंबडी केलंच नव्हतं. कुणीतरी अंडी कशात तरी घालताना तिनं पाहिलं होतं.

चहा तसाच टाकून मी पळाले. चिमणी पडवीतच होती. आईबाप पाठीमागे आपलं सामान आवरत होते.

"चिमणे, काकांनी अंडी कशात घातली गं?"

तिनं चहूकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी आली. "खड्ड्यात. काका म्हणाले, कुणाला सांगायचं नाही."

"कुठे आहे खड्डा?"

तिनं तोंड गच्च मिटलं. गुपित म्हणजे गुपित.

मी वळून इंजिनियरला विचारलं, "ही काका कुणाला म्हणते हो?"

तो सुटकेसची चेन लावत होता. चेन अडकली. "तिचा सख्खा काका म्हणजे माझा भाऊ. तो तर घरी आहे, तो कुठे आलाय इथे?" मग जरा थांबून म्हणाला, "तुम्हीच नाही का पहिल्या दिवशी मुलांना सांगितलंत, होडी चालवतात त्यांना काका म्हणायचं?"

सांगितलं होतं खरं. त्याची बायको चिमणीचा एक फ्रॉक उलगडून पुन्हा घडी घालत होती. तिनं वर पाहिलं नाही.

आणि मला आठवलं, पहिल्या दिवशी होडीतही पोरगी "काका, पाणी!" म्हणून ओरडली होती. होडीवाल्यानं तिच्याकडे न बघताच बाटली पुढे केली होती. इंजिनियरही उठायला लागला होता, पण होडी डुलली तसा खाली बसला.

म्हणजे होडीवालाच. मनाला पटेना, पण समोर आलेलं लपवायचं तरी कसं? मी शिट्टीसाहेबांना सांगितलं. त्यांनी कुदळ घेतली आणि म्हणाले, "चला."

धक्क्यामागच्या त्या दोन खोल्यांसमोर बघता बघता माणसं जमली. जाळी विणणारे, बर्फाच्या कारखान्यातले, शेजारपाजारचे. शिट्टीसाहेबांनी परसदार खणलं. केळीच्या बुंध्याशी खणलं. माशांची घाण पुरायची जागाही खणली, तेव्हा वासानं बघे मागे सरले. मी घरात गेले. पिंपं उघडली, पोती उलटी केली, बिछाने झटकले. होडीवाला दाराशी उभा होता आणि त्याची बायको विश्रामगृहातून धावत येऊन त्याच्या मागे उभी राहिली होती. म्हाताऱ्या बापाला काय चाललंय ते कळत नव्हतं. घरी पाहुणी आली एवढंच त्याला दिसलं. त्यानं घरातली एकुलती एक खुर्ची धोतराच्या सोग्यानं पुसून माझ्यापुढे सरकवली.

अंडी सापडली नाहीत. एक टरफलही नाही.

"आणखी कुठे तरी पुरली असतील," शिट्टीसाहेब घाम पुसत म्हणाले. पण आवाजात आधीचा जोर नव्हता.

तेवढ्यात जमलेल्यांतून कुणीतरी ओरडलं, "बोट दिसली!"

४

क्षितिजावर पांढरा ठिपका होता. मी धक्क्याच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या. शाळेत मी पोरांना काय शिकवायचे? आधी बघा, मग बोला. आणि मी काय केलं होतं? आधी कुदळ, मग विचार.

मग विचार केला. चिमणीनं पाहिलं. ठीक. पण कधी पाहिलं?

काल संध्याकाळी होडीवाला एकटा बाहेर पडला, तेव्हा पोरगी माझ्या डोळ्यांसमोर आईच्या मांडीवर झोपली होती. जेवायलाही उठली नाही. आज पहाटे आम्ही निघालो तेव्हाही झोपेतच होती. म्हणजे ती जे बघून आली, ते काल दुपारचं. काल दुपारी तिचं पोट दुखत होतं म्हणून ती पक्ष्यांच्या बेटावर आली नव्हती. आणि काल दुपारभर होडीवाला आमची होडी चालवत होता.

तिनं होडीवाल्याला पाहणं शक्यच नव्हतं. तिचे काका दुसरेच होते.

काल दुपारी तिच्याजवळ एकच माणूस थांबला होता. पोरीचं पोट दुखतंय म्हणून. दुपारी ओहोटी होती आणि खडक मोकळे होते. पोरीला खांद्यावर घेतलं तर जाता येतं, मात्र कालवांची कवचं पोटऱ्या ओरबाडल्याशिवाय सोडत नाहीत. आणि मग दुसऱ्या दिवशी उकाड्यातही लांब पँट घालावी लागते. खुंट्या एका कोनात ठोकायची खोड तरी कुणाला असणार? जन्मभर पूल बांधणाऱ्यालाच.

पण बापाला काका? तिथे माझं घोडं अडलं. मग मिशा आठवल्या.

मी उलट्या पावली पळत सुटले. इंजिनियरची बायको पडवीत एकटीच बसली होती, सामान बांधून तयार.

"घरी कोण कोण असतं हो तुमच्या?" मी धापा टाकतच विचारलं.

ती म्हणाली, "मोठे दीर. जाऊबाई. त्यांची चार मुलं. आम्ही सगळे एकत्रच."

"दिरांना मिशा आहेत?"

तिनं होकारार्थी मान हलवली.

"त्यांची मुलं तुमच्या मिस्टरांना काय म्हणतात?"

"काका."

"आणि चिमणी?"

तिचा बांध फुटला. "तीपण काकाच म्हणते. चार भावंडांचं ऐकून ऐकून. हे कायम साइटवर, आज इथे तर उद्या तिथे, सहा-सहा महिने घरी नसतात. ती बोलायला लागली तेव्हा यांचा पत्ता नव्हता. भावंडं दिरांना बाबा म्हणतात, म्हणून तीही त्यांनाच बाबा म्हणते. मला आई म्हणते ती मी हट्टानं शिकवलं म्हणून. यांना शिकवायला हे होते कुठे?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सकाळी ती बोलली तेव्हा कळलं. मी यांना म्हटलं, सांगून टाका. हे म्हणाले, त्याच्याकडे काही सापडणार नाही, सोडून देतील त्याला." तिनं डोळे पुसले. "खुर्चीखाली बघा, ताई."

५

बोट धक्क्याला लागली होती. मोठे साहेब उतरले ते थेट इंजिनियरच्या खोलीमागे आले, कारण माझ्या हाकांनी सगळं बेट तिथेच जमलं होतं. मी ओला टॉवेल काढला आणि उलटी खुर्ची बाजूला केली. शिट्टीसाहेब पुन्हा गुडघे टेकून बसले. या वेळी त्यांनी फार हळू वाळू बाजूला केली.

पहिलं अंडं दिसलं, गोल आणि पांढरं. त्याच्या बरोबर माथ्यावर लाल खडूचा ठिपका होता. शेजारच्यावरही. त्या शेजारच्यावरही. सगळे ठिपके आभाळाकडे तोंड करून होते.

"मी टिकल्या लावल्या," चिमणी म्हणाली. गुपित फुटलंच होतं, तेव्हा तिला आता धीर आला होता. "काका एकेक काढत होते आणि मी टिकली लावत होते. टिकली वरच राहिली पाहिजे, नाहीतर पिल्लू मरतं."

हे मीच शिकवलं होतं, परवा, वाळूत चित्र काढून. आतलं पिल्लू कवचाला वरच्या बाजूनं चिकटून असतं, अंडं कधी उलटं करायचं नाही. मुलं समुद्राकडे बघत होती. नीट ऐकणारा एकच माणूस होता.

"का?" शिट्टीसाहेबांनी एवढंच विचारलं.

इंजिनियर घामानं भिजला होता. "तिला तिकडे न्यायची परवानगी नव्हती. आज संध्याकाळी आम्ही परत जाणार, परवा मी साइटवर. मला वाटलं, तेवढ्याच खोलीचा खड्डा, तीच वाळू, इथे खिडकीखाली पिल्लं निघतील आणि ती माझ्या कडेवरून बघेल. घरी तिला सगळं बाकीचेच देतात हो. एक तरी गोष्ट मी दाखवलेली असावी." त्याचा आवाज चिरकला. "माझ्या भावाला बाबा म्हणते ती. मला म्हणावं म्हणून केलं."

मला त्याची दया आली. आणि त्याच वेळी त्याच्या दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात असंही वाटलं.

"हे सगळं कळतं," मी म्हणाले. "पण त्या माणसाचं घर खणलं जात होतं तेव्हा तुम्ही सुटकेस भरत होतात."

त्यानं मान खाली घातली.

मोठे साहेब कमी बोलणारे निघाले. अंडी आता पुन्हा हलवायची नाहीत, खोली बंद ठेवायची आणि पिल्लं उजेडाकडे भरकटतात म्हणून मागचा दिवा काढून टाकायचा. यांतली किती जगतील ते आत्ता सांगता येत नाही. इंजिनियरनं त्यांच्या बोटीतून यायचं, पुढे कायदा बघेल. चिमणीनं आईला विचारलं, "काका कुठे चालले?" आई म्हणाली, "येतील." इंजिनियर ऐकत होता. तो वळला नाही.

शिट्टीसाहेबांनी सगळ्यांसमोर होडीवाल्याचे दोन्ही हात धरले आणि माफी मागितली. त्यांना ते जड गेलं, पण त्यांनी मागितली. होडीवाल्यानं मान डोलावली. परवाना राहिला, जागा राहिली. माझ्या मनावरचं ओझं उतरलं आणि खरं सांगायचं तर जरा ऐटही वाटली. शेवटी गाठ मीच सोडवली होती.

संध्याकाळी आम्हाला मोठ्या बेटावर पोचवायला तोच आला. मी धक्क्यावर त्याच्याजवळ गेले.

"दादा, पुढच्या महिन्यात दुसरा गट आणतेय. सात मुलं आहेत."

"दुसरी होडी बघा, ताई."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "अहो, पण मी तर तुम्हाला सोडवलं!"

"सोडवलंत. खरं आहे ते." तो दोरी गुंडाळत होता. आवाजात राग नव्हता, असता तर मला सोपं गेलं असतं. "शिट्टीसाहेबांचं मी समजू शकतो. त्यांनी मला चोर म्हणूनच पहिल्यांदा पाहिलं. तुम्ही मला कधी तसं पाहिलं नव्हतं. पण पोरीनं काका म्हटल्यावर तुम्ही आधी माझ्याच घरी आलात. बिछाने झटकलेत. माझा बाप दुपारपासून विचारतोय, पाहुणीबाई चहा न घेता का गेली?"

मला खूप काही बोलायचं होतं. तोवर तो होडीत उतरला होता.

त्यानं जुळ्यांना एकेक करून हात धरून होडीत घेतलं. फोटोवाल्याच्या पेट्या घेतल्या. चिमणीला उचलून पुढच्या फळीवर बसवलं, तिच्या आईला खांद्याचा आधार दिला. मग तो मागे जाऊन इंजिनाशी बसला. मी माझी मी चढले. पाय घसरला, गुडघा लाकडावर आपटला. होडी निघाली.